मुका रोग आणि देवावरचा भार

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे मधुमेही वडीलधाऱ्यांस रक्त तपासण्याविषयी सुचविले, तर ‘जामसावळीच्या मारुतिरायावर भार टाकला आहे’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. त्यातील श्रद्धा आम्हांस वंद्य आहे; परंतु तीत भयही मिसळलेले असते, असे आम्हांस वाटते.

मधुमेहाने मूत्रपिंडे झिजतात ती मुकाट्याने. आरंभी वेदना नाही, सूज नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत त्यांची निम्मी शक्ती सरलेली असू शकते. लघवीत अल्ब्युमिन बहुधा त्याआधीच उतरू लागते. म्हणून दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी कराव्या लागतात. वेळीच कळले तर साखर व रक्तदाब आवरून, औषधे घेऊन ही झीज मंदावता येते. न कळले, आणि मूत्रपिंडे निकामी झाली, तर डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा धावाधाव. आणि ती करणार पत्नी व मुलगा. मग भार टाकला तो कोणावर? शरीर आपले असले, तरी अज्ञानाचे मोल एकट्यास द्यावे लागत नाही.

तपासणी ही अश्रद्धा मानली, तर मूत्राच्या लक्षणांवरून मधुमेह ओळखणारे सुश्रुताचार्यही अश्रद्धच ठरतील!

प्रसादाच्या पेढ्याचे काय, असे कोणी विचारील. कणभर घ्यावा, अथवा तुळशीचे पान घ्यावे. देणाऱ्यानेही आग्रह करू नये.