पाटी कोणाशी बोलते?

२०२० साली अब्राहाम करार झाल्यावर इस्राएलहून दुबईस जाणे सोपे झाले. माझा भाचा तेथे नोकरीस आहे, म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे पंधरा दिवस राहून आले.

एके दिवशी देऱ्याला खाडीकाठी आम्ही केळी खाल्ली. जवळ डबा दिसेना. भाचा घाईने म्हणाला, "आत्या, साल पिशवीत ठेव. पाचशे दिरहाम दंड होतो! गाडीतून टाकली तर हजार, आणि वर लायसन्सवर सहा काळे गुण." साल पिशवीत गेली. पण मनात आले, हे माझे वळण की माझी भीती?

समोर पाटी होती, अरबी व इंग्रजीत. अरबीतला 'मम्नू' आणि आपला 'मना' एकाच मुळाचे शब्द. आमच्या लहानपणी कोकणात पाटी असे, 'येथे कचरा टाकू नये'. कोणी टाकू नये? ते त्यात नसते. म्हणून वाचणाऱ्यास वाटते, हे दुसऱ्या कोणासाठी लिहिले आहे. दंडाचा आकडा आला की मात्र पाटी थेट आपल्याशी बोलू लागते. मुंबईत तर जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या चित्रांच्या फरशा बसवतात. पाटी हरली, म्हणून थुंकणाऱ्यांवर देवाचा पहारा!

भीतीने राखलेली स्वच्छता खोटी, असे मी म्हणणार नाही. मी आयुष्यभर इस्पितळात नर्स होते. कोणी सिस्टरच्या धाकाने हात धुई, कोणी मनापासून. रोग्याला दोन्ही हात सारखेच. फरक कळे तो रात्रपाळीत, पाहणारे कोणी नसताना.

तालमुदात, बाबा कामा या भागात, एक गोष्ट आहे. एक मनुष्य आपल्या शेतातले दगड रस्त्यावर टाकत होता. एका धार्मिक पुरुषाने त्यास विचारले, जे तुझे नाही तेथून काढून, जे तुझे आहे तेथे का टाकतोस? तो हसला. पुढे त्याला शेत विकावे लागले, आणि त्याच रस्त्याने जाताना तो स्वतःच्याच दगडांना अडखळला.

अमिरातीत दहा रहिवाशांपैकी जवळजवळ नऊ परदेशी आहेत. भाच्याचे घर भाड्याचे, मुक्काम व्हिसाचा. त्याचे म्हणावे असे तेथे काय आहे? ज्यावरून तो रोज चालतो, तो रस्ता. आमचे रेवदंड्याचे घरही वडिलांनी इस्राएलला निघताना विकले. आज त्या घरात मला पाहुणी म्हणून जावे लागते. समोरच्या रस्त्यावर मात्र मी कोणाची परवानगी मागत नाही.

पाटी लिहिणे माझ्या हाती असते, तर 'टाकू नये'च्या वर एक ओळ घातली असती: 'हा रस्ता तुमचाही आहे.' दंडाचा आकडा मात्र खोडला नसता. रात्रपाळ्या मी पुष्कळ केल्या आहेत.