परक्या दातावर टेकलेलं बोट

माझी भाची डेंटल हायजिनिस्टच्या दोन वर्षांच्या पदविकेला निघाली आहे. त्यावरून घरात जो वाद चाललाय तो फीचा नाही की नोकरीचा नाही, उष्ट्याचा आहे. कुंभकोणमच्या आम्हा तंजावरी मराठी मंडळींना व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीचं पाणी अंगवळणी पडलंय. आमच्याकडे अजूनही पाण्याचा लोटा ओठाला लावत नाहीत, वरून धार धरून पितात. अशा घरातली अक्का विचारते, "दिवसभर लोकांच्या थुंकीत हात घालायचे आणि संध्याकाळी त्याच हातांनी देवापुढे दिवा लावायचा?"

मी स्वतः आयुष्यभर हेच काम केलं, तरी हा प्रश्न मला उडवून लावता येत नाही. माणूस लांब राहून शुद्ध होतो की हात लावून, हेच ती विचारते आहे.

पतंजलींचं मत तर अक्कापेक्षाही कडक आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात शौच हा पहिला नियम, आणि त्याचं फळ म्हणून सांगितलंय ते असं: स्वतःच्या शरीराची किळस आणि परक्या शरीराचा संसर्ग नकोसा होणं. व्यासभाष्य त्याचं कारण देतं. माती-पाण्याने कितीही धुतलं तरी आपलंच शरीर शुद्ध होत नाही हे ज्याला दिसलं, तो दुसऱ्याच्या शरीराला कशाला जवळ करेल? पुढच्याच सूत्रात मनाची प्रसन्नता आणि एकाग्रता येते, हे खरं. पण वाट जाते ती दूर होण्यातूनच.

यातलं निरीक्षण बिनचूक आहे, आणि भाचीला वर्गातही तेच शिकवतील. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर चढतो आणि त्याला जंतू चिकटू लागतात. तो थर तसाच राहिला तर लाळेतल्याच क्षारांनी कडक होऊन त्याचं टार्टर बनतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात जास्त साचतं, कारण जबड्याखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच जिभेखाली उघडतात. जी लाळ तोंड धुते तीच हा दगडही बांधते. शरीर एकदाचं स्वच्छ झालं असं कधी होतच नाही. म्हणून भाष्यकार लांब राहायला सांगतात, आणि आम्ही पेशंटला सांगतो की सहा महिन्यांनी परत या. निरीक्षण एकच असूनही निष्कर्ष उलटे निघतात, आणि मी दुसऱ्या बाजूची आहे.

त्याचं कारण हातात आहे. कोर्समध्ये स्केलर धरायला शिकवतात तेव्हा सुरुवात प्लास्टिकच्या दातांवर होते. अवजार पेनसारखं धरायचं आणि अनामिका शेजारच्या दातावर घट्ट टेकवायची. हा टेकू नसेल तर हात घसरतो, हिरडी फाटते. हवेत हात धरून कुणाचाही दात साफ करता येत नाही. मग तो टेकू हळूहळू इतका सवयीचा होतो की हिरडीखाली, जिथे डोळ्यांना काही दिसत नाही तिथे, टार्टरचा खरखरीत कण बोटांनाच कळतो. लक्ष जरा ढळलं की तो सुटतो. पतंजलींनी शौचाचं म्हणून सांगितलेलं एकाग्रतेचं फळ मला मिळालं असेल, तर ते या परक्या दातावर टेकलेल्या बोटातून मिळालं.

शरीररचना, जंतुशास्त्र, स्केलिंग, पॉलिशिंग, लोकांना समजावून सांगणं हे सगळं भाची शिकेल. पण कोर्सला जाणाऱ्या मुलींना मी सांगते की किळस येणार, आणि ती आली म्हणून लाजायचं नाही. आमच्याकडे वेत्रिलै, म्हणजे विड्याचं पान, खाणारी म्हातारी माणसं येतात. दात काळे-तांबडे झालेले असतात. इकडे गुरूपुढे, देवापुढे बोलताना तोंडावर तळहात धरायची रीत आहे, आपला श्वास-थुंकी पुढच्यावर जाऊ नये म्हणून. खुर्चीत बसल्यावर ते माझ्यापुढेही तसाच हात धरतात. तो हात खाली येईपर्यंत मी थांबते. त्या थांबण्यात माझी किळस विरते, आणि त्यांची लाजही.

अक्काच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती बोलायलाच हवी. दुसऱ्याची घाण काढणाऱ्याला आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या खाली बसवलं आणि त्याला धर्म म्हटलं. "मग डॉक्टरच हो ना" या सल्ल्यातही तेच डोकावतं. 1948च्या दंतवैद्यक कायद्यात हायजिनिस्टची वेगळी नोंद होती, तरी घरोघरी हे काम अजून 'हाताखालचं'च समजतात. मला हे मान्य नाही. तमिळ शिवमंदिरांत त्रेसष्ट नायन्मारांच्या मूर्ती ओळीने असतात, त्यांत कण्णप्पर आहे. या शिकाऱ्याने तोंडात पाणी भरून आणलं, त्यानेच शिवलिंगाला अभिषेक केला आणि आधी स्वतः चाखून पाहिलेलं मांस नैवेद्याला ठेवलं. रोजची शास्त्रशुद्ध पूजा करणारा पुजारी हादरला, पण शिवाने जवळ केलं ते कण्णप्परला. अक्का दर प्रदोषाला त्या ओळीपुढून हात जोडत जाते.

आणि आमचं महामहम तळं! बारा वर्षांनी, आता 2028मध्ये, लाखो लोक त्यात उतरतील. लोकांनी आपापली पापं नद्यांत धुतली, तेव्हा नद्यांनी शिवाला विचारलं, आम्ही कुठे जायचं? त्याने त्यांना या तळ्यात पाठवलं, अशी इथली कथा. काठावरच्या काशीविश्वनाथाच्या देवळात त्या नऊही नद्या उभ्या आहेत, आपली गोदावरीसुद्धा. धुणाऱ्यालाही धुवून घ्यावं लागतं हे त्या कथेला ठाऊक आहे. आमची अवजारं प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर वाफेखाली जातात. त्यात कुणाचाच अपमान नसतो.

प्लास्टिकचे दात संपले की बहुतेक ठिकाणी विद्यार्थी आधी एकमेकांचेच दात साफ करतात. म्हणजे भाचीला कुणाच्या तोंडात हात घालण्याआधी स्वतः आ करून वर्गातल्या मुलीपुढे बसावं लागेल, आणि ती मुलगी कुठल्या घरची, काय खाणारी, हे कुणी विचारणार नाही. अक्काला मी हेही सांगितलं आहे. ती अजून हो म्हणालेली नाही, पण फीची तारीख कधी आहे ते काल तिनेच विचारलं.