अर्जुनाचा नकार

युद्धास नकार देणाऱ्या मनुष्याविषयी समाजाच्या मनात नेहमी एक संशय वसत असतो. हा खरोखर हिंसेस विटला आहे, की त्याला केवळ हेच युद्ध नकोसे आहे? संशय अनुदार असला तरी अस्थानी नव्हे. त्याचा उलगडा करणारा एक दृष्टांत आम्हां खानदेशकरांच्या अगदी जवळ, धुळ्याच्या तुरुंगात, सांगितला गेला.

१९३२ साली विनोबा भावे ह्यांनी त्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि पूर्वी अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात अर्जुनाच्या वैराग्याची परीक्षा आहे. शेकडो अपराध्यांस फाशी देणाऱ्या एका न्यायाधीशापुढे एके दिवशी त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहिला. त्यासरशी त्यास फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागली. विनोबांच्या मते अर्जुनाचेही तसेच झाले होते. शब्द उदात्त होते. परंतु ते वदविणारी अहिंसा नव्हती, स्वजनांचा मोह होता.

ह्याच विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारास युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला व तीन महिन्यांची कैद पत्करली. त्या सत्याग्रहाच्या घोषणेत दोन निराळे नकार एकत्र नांदत होते. ब्रिटिशांच्या युद्धास माणसे वा पैसा देणे गैर, हा एक. आणि युद्धमात्राचा प्रतिकार अहिंसेनेच करावा, हा दुसरा. पहिला नकार राष्ट्राचा होता. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपुरास भरलेल्या काँग्रेसने साम्राज्यशाहीच्या युद्धात हिंदुस्थान सामील होणार नाही असे बजावले, तेही ह्याच भूमिकेवरून. पुढे ऑक्टोबर १९४७ मध्ये स्वतंत्र हिंदुस्थानच्या काँग्रेस सरकारने काश्मिरात सैन्य धाडले, तेव्हा हा पहिला नकार भंगला नाही. कसोटी लागली ती दुसऱ्याची.

मग पहिला नकार हीन मानावयाचा काय? व्हिएतनामचे युद्ध चालू असता, १९७१ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसाच काहीसा निवाडा दिला: सक्तीच्या लष्करभरतीतून सूट मिळावयाची ती युद्धमात्रास विरोध करणाऱ्यास, एखाद्याच युद्धास विरोध करणाऱ्यास नव्हे. राज्यकारभारास हे माप सोयीचे असेल. नीतीस ते अपुरे पडते. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोवर चालून जाणाऱ्या सरकारास कर नाकारून थोरो १८४६ साली एक रात्र तुरुंगात राहिला. त्याच थोरोने १८५९ साली गुलामांच्या मुक्तीसाठी शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनचे उघड समर्थन केले. न्यायालयाच्या मापाने तो अपात्र ठरेल. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडलेले गांधीजीही ठरतील. पण त्यांचा विवेक खोटा होता असे कोण म्हणेल?

खरे माप त्या न्यायाधीशाच्या दृष्टांतात आहे. आरोपी परका असता तरी मी हेच बोललो असतो काय, एवढाच प्रश्न पुरे. त्यास आणखी एक जोड मात्र द्यावी लागेल. १९४० साली फ्रान्स हिटलरच्या टाचेखाली गेला होता. न लढण्याचेही बळी असतात आणि ते बहुधा दूरचे असतात. म्हणून नकार देणाऱ्याने त्या दूरच्या बळींकडे पाहून बोलावे आणि आपल्या नकाराची किंमत स्वतः मोजावी. अर्जुनाच्या नकारात दूरच्याचा विचार नव्हता, म्हणूनच तो टिकला नाही.

परंतु हे शस्त्र दुधारी आहे. आपल्या दिवाणखान्यांत वर्तमानपत्र वाचता वाचता युद्धाची मागणी करणारे पुष्कळ असतात. भरतीच्या यादीत आपल्या मुलाचे नाव असते तरीही आपण हेच म्हटले असते काय? नकार देणाऱ्यास आपण हा प्रश्न हटकून विचारतो. स्वतःस क्वचितच विचारतो. तो न्यायाधीश मुलगा पुढे येईपर्यंत निश्चिंत होता, हे विसरून चालणार नाही.