इंद्रायणीत कोणाचे कागद बुडाले?

सज्जनहो, तुकोबारायांच्या चरित्रातला इंद्रायणीकाठचा प्रसंग आपण अनेक वेळा ऐकला असेल, आणि आम्ही कीर्तनकारांनी तो त्याहून अधिक वेळा सांगितला आहे. घरात महाजनकी, देणेघेणे. वडील बोल्होबा गेलेले. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेलेले. त्यावर १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बसला. महाराज डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत शोधीत आले, आणि मग नदीकाठी महाराजांनी घरातली कर्जखते मागवून घेऊन इंद्रायणीत सोडून दिली. येथे मृदंगावर थाप पडते, श्रोते गजर करतात, आणि बुवा पुढल्या प्रसंगाकडे वळतात.

पण मधली एक गोष्ट आम्ही घाईत गिळून टाकतो. महिपतीबुवांनी ती सांगून ठेविली आहे. कागद पाण्यात सोडण्यापूर्वी महाराजांनी त्यांचे दोन भाग केले. अर्धे कान्होबांच्या हाती दिले. उरलेले अर्धे, म्हणजे स्वतःचे, तेवढेच बुडविले.

येथे कोणी शंका घेईल की, एवढा विरक्त पुरुष, त्याला वाटण्या करीत बसण्याचे काय कारण? सगळेच बुडविले असते तर वैराग्य दुप्पट शोभले नसते काय? तर बाबांनो, अर्धे कागद कान्होबांचे होते. कान्होबांना संसार चालवायचा होता. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग आपण केला तर त्याला शास्त्रात अपहार म्हणतात. म्हणून आधी हिशेब, मग विभाग, आणि मग ज्याला सोडायचे असेल त्याने आपले सोडावे, असा तो क्रम आहे. हा प्रसंग मी पंचवीस वर्षे सांगितला, तो अर्धाच सांगितला. का, ते पुढे येईलच.

आपल्याकडे वाटणी हा शब्दच अशुभ मानतात. घरात कोणी उच्चारला की म्हातारी माणसे कानावर हात ठेवतात. पण आपले वाशीम पाहा. याचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यामागे राज्य विभागले गेले. एक शाखा नंदिवर्धनाकडे रामटेकच्या बाजूला राहिली, आणि सर्वसेन नावाच्या पुत्राने या वत्सगुल्माला आपली गादी केली. म्हणजे आपले गाव राजधानी झाले ते वाटणीमुळे! या सर्वसेनाने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचिले होते. ते आज पूर्ण मिळत नाही, पण त्याचा विषय ठाऊक आहे: सत्यभामेसाठी भगवंतांनी स्वर्गातून पारिजात आणिला तो. तेही एका अर्थी घरातल्याच हक्काचे भांडण म्हणा ना.

आता शास्त्र काय म्हणते ते थोडे पाहू. ‘दाय’ हा शब्द ‘दा’ धातूपासून आला, म्हणजे देणे. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळी मिताक्षरा लिहिली. तिच्यात दायाचे दोन प्रकार केले आहेत, अप्रतिबंध आणि सप्रतिबंध. मुलगा जन्मतो तोच वडिलार्जित जमिनीतला हक्क घेऊन, मध्ये अडसर नाही, तो अप्रतिबंध. मालक निपुत्रिक गेल्यावरच भाऊ किंवा पुतण्याला मिळतो तो सप्रतिबंध. शेकडो वर्षे मुलीला पहिल्या प्रकारात जागा नव्हती. तरी आपल्या महाराष्ट्राकडची परंपरा काहीशी उदार. मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेले जे भट्ट घराणे, त्यातल्या नीळकंठभट्टांनी व्यवहारमयूखात बहिणीला वारसांच्या ओळीत बरेच वर आणून बसविले आहे. पुढे १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाप मागे ठेवून गेला त्या त्याच्या भागात मुलीला मुलाबरोबर बसविले, आणि बाईच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर सर्व मुलींना, लग्न झालेल्यांनाही, मिळाला. तरी वाद राहिलाच की, त्या दिवशी बाप हयात पाहिजे की नको. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात सांगून टाकले की हक्क जन्माने आहे, बाप हयात असण्याची अट नाही. विज्ञानेश्वरांचा अप्रतिबंध दाय शेवटी लेकीपर्यंत पोहोचला, तो असा. त्याच निकालात असेही आहे की ‘आमची तोंडी वाटणी पूर्वीच झाली’ एवढे म्हणून भागणार नाही. सरकारी दप्तरातला भक्कम पुरावा पाहिजे.

मग आपण काय केले? कायदा मोडला नाही. आपण एक कागद शोधून काढला, हक्कसोडपत्र. बाप वारला की तेराव्यानंतर बहिणीला राहवून घ्यायचे, लुगडे घ्यायचे, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न्यायचे. तिने म्हणावे, माहेर तुटू नये. आपण म्हणावे, बहीण किती मोठ्या मनाची! स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी लागते, ती आपण चोख करतो. पण तिचा वाटा किती, त्याची किंमत काय, हे तिला सही करण्यापूर्वी कोणी सांगितले? तुकोबांनी कान्होबांच्या हाती आधी कागद ठेविले. आपण बहिणीच्या हाती कागद येऊच देत नाही, आणि तिच्या नावाने पाण्यात सोडतो. तिने सोडू नये असे मी म्हणत नाही. वाटा हातात घेऊन, मोजून, मग सोडला तर तो तिचा त्याग, ती धन्य. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेला तेव्हा पाहिले ना? ज्यांची नावे सात-बारावर राहून गेली होती त्या बहिणींच्या सहीवाचून मोबदला अडला, आणि वीस वर्षे राखीला न बोलावलेल्या घरांतून मोटारी सुटल्या.

सुनेच्या दागिन्यांचेही असेच. सोसायटीचे कर्ज फिटत नाही म्हणून तिच्या पाटल्या गहाण पडतात, आणि काडीमोडाची वेळ आली की सासू म्हणते, ते घरचे सोने. स्त्रीधन तिचे एकटीचे, सासरकडे ते केवळ ठेव म्हणून असते, हे १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. आमच्या स्मृतिकारांनी त्याच्या आधी कितीतरी शतके स्त्रीधनाचे प्रकार मोजून ठेविले होते. ते वाचणारे आम्ही पंडित घरी मात्र तिजोरीची किल्ली आईच्या कमरेला ठेवतो, हे वेगळे.

महाभारताच्या आदिपर्वात दोन भावांची कथा आहे. विभावसू थोरला, तापट. सुप्रतीक धाकटा, तो रोज म्हणे, धन वाटून द्या. थोरला म्हणे, वाटणी झाली की मित्राच्या वेषात शत्रू मध्ये शिरतात. म्हणणे खोटे नव्हते. पण त्याने समजावण्याऐवजी शाप दिला, तू हत्ती होशील. धाकट्यानेही दिला, तू कासव होशील. दोघे प्रचंड देहाचे होऊन एकाच सरोवरात भांडत राहिले. पुढे गरुडाला भूक लागली, तेव्हा पिता कश्यपाने हेच दोघे दाखविले; एका नखात हत्ती, एका नखात कासव. गरुड कोण, ते ज्याची तारीख पडली असेल त्याने ओळखावे. मला यात थोरल्याचा दोष अधिक दिसतो. एकत्र राहू म्हणणारा नेहमी प्रेमळच असतो असे नाही. किल्ली ज्याच्याकडे असते त्याला एकत्रपणा गोड लागतो.

भांडण मिटवायचे तर पहिले काम यादीचे. सात-बारा आणि आठ-अ, घर, गोठा, विहिरीची पाळी, पाइपलाइन, शेतात जाण्याची वहिवाट, ट्रॅक्टर, मुदत ठेवी, सोने, आणि एकाच्या नावावर काढून दोघांनी खाल्लेले कर्ज. विहिरीची पाळी लिहायची राहिली म्हणून मी दोन घरे कोर्टात जाताना पाहिली आहेत. पुण्यातल्या सदनिकेचा तंटा असाच असतो. धाकटा म्हणतो, माझ्या पगाराची. थोरला म्हणतो, पहिला हप्ता सोयाबीनच्या पैशातून गेला. दोघेही खरे बोलतात. बँकेचे जुने पुस्तक काढावे. किती घरचे, किती पगाराचे, ते आकड्यात दिसते. वाटे थोरल्याने पाडावे आणि धाकट्याने आधी उचलावे, ही जुनी रीत उत्तम. पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. आईच्या अन्नवस्त्राची पाळी मात्र वाट्यात घालू नये. ती चिठ्ठी टाकून ठरलेली मी पाहिली आहे, पाहवले नाही.

सर्वांचे जमले तर शेतजमिनीची वाटणी महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदारांपुढे होते. नाही जमले तर दिवाणी न्यायालय. तेथे हुकूमनामा झाला तरी साऱ्याच्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडायला कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि त्यात एक पिढी म्हातारी होते. दाव्याच्या मध्येही लोकअदालतीत बसता येते. तेथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

आता माझे. वडील १९९६ साली वारले, आई त्याच्या आधीच गेलेली. जमीन बारा एकर. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. १९९७ साली दोन्ही बहिणींची हक्कसोडपत्रे झाली, आणि सहा-सहा एकर भावांच्या नावे फेरफार झाला. त्या दिवशी संध्याकाळी माझे कीर्तन होते, आणि विषय होता हाच, इंद्रायणीचा. बहिणी पुढेच बसल्या होत्या. मी अर्धा प्रसंग सांगितला.

२०१९ साली धाकटीचे यजमान आजारी पडले. ती आली, ओसरीवर बसली, चहा घेतला नाही. म्हणाली, “भाऊ, वीस हजार उसने देशीन का? तुरीवर परत करतो.” मी दिले. ती गेल्यावर हिशेब मांडला. तिचा वाटा तीन एकरांचा, त्यातला दीड माझ्याकडे. बावीस वर्षांची तूर-सोयाबीन मी खाल्ली, आणि ती माझ्याकडे उसने मागत होती!

मी द्यायचे ठरविले, तर घरातच अडले. माझ्या सहा एकरांत माझ्या मुलाचा आणि मुलीचाही जन्माचा हक्क. त्यांच्याशिवाय मी कोण देणार? मुलगी लगेच हो म्हणाली. मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. सून म्हणाली, “बाबा, तुमच्या पुण्यासाठी आमची पोरं उपाशी ठेवता का?” तिचा प्रश्न खोटा नव्हता. मी तिलाच हिशेबाची वही दिली आणि म्हटले, तू बेरीज कर. तिने केली. चार दिवसांनी मुलाने सही केली.

दीड एकर धाकटीला दिले. दुसरे दीड एकर थोरलीचे होते, पण थोरली २०१७ मध्येच गेली होती. तिच्या मुलाच्या नावे कागद करून मी त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने कागद घेतला, वाचला, आणि म्हणाला, “मामा, आई असती तर बरं झालं असतं.” आत या, असे काही तो म्हणाला नाही.

माझ्या भावाकडे अजून सहा एकर आहेत. त्याला मी एकदा सांगितले, दुसऱ्यांदा सांगितले नाही. त्याचे कागद मी बुडवू शकत नाही, आणि त्याच्या हातून देववूही शकत नाही. आषाढीला आम्ही एकाच दिंडीत चालतो. तो विणेकऱ्याच्या पुढे, मी मागे.

धाकटीने यंदा त्या दीड एकरात तूर लावली आहे. बांधावरून जाताना मी विचारले, पाणी कसे काय? ती म्हणाली, “बरं हाये. तुया विहिरीची पाळी बुधवारी येते मले, इसरू नको.”