तिथी ठरवून आलेला पाहुणा

परदेशी जावयाचे ठरले की आपला मनुष्य दोन याद्या करतो, एक पाहावयाच्या स्थळांची आणि दुसरी भेटावयाच्या माणसांची. आणि रजा जसजशी सरत जाते तसतशी या दोन याद्यांमध्ये जी ओढाताण सुरू होते, ती वरवर वेळापत्रकाची वाटली तरी तिच्या मुळाशी एक जुना धर्मप्रश्न दडलेला असतो. तीर्थक्षेत्री जाण्यात पुण्य आहे, हे बहुतेक सर्व धर्म सांगतात. परंतु केवळ आपल्या जीवाला बरे वाटावे म्हणून जुन्या मित्राच्या ओटीवर जाऊन बसणे, याला धर्म म्हणावे की निव्वळ मोह? तीन आठवड्यांच्या रजेत मी इस्राएलला गेलो, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे अक्षरशः ताटात वाढून आला.

अतिथिसत्काराविषयी आपली शास्त्रे मुक्तकंठाने बोलतात. तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देवाच्या पंक्तीला बसविते. कठोपनिषदात तर नचिकेता तीन रात्री दारात उपाशी राहिला म्हणून साक्षात यमधर्म ओशाळतो आणि रात्रीस एक याप्रमाणे त्याला तीन वर देतो. पण हा अतिथी म्हणजे कोण? मनुस्मृती त्याची व्याख्या मोठ्या काटेकोरपणे करते: जो एकच रात्र राहतो, ज्याची स्थिती अनित्य, तो अतिथी, आणि मित्र व ज्ञातिबांधव यांना ती या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळते. त्यांनाही चांगलेचुंगले जेवू घालावे, परंतु अतिथी म्हणून नव्हे. अपरिचिताला घास देण्यात त्याग आहे, मित्राला देण्यात आपलीच हौस आहे, आणि हौसेची रक्कम पुण्याच्या खात्यात जमा धरण्यास स्मृतिकार राजी नाही, असा याचा अर्थ मी लावतो. या हिशेबाने माझा अर्ज दोन कलमांखाली नामंजूर होण्याजोगा होता. एक तर मी मित्र. आणि दुसरे असे की ज्याच्या आगमनाची तारीख, मुक्कामाचा पत्ता आणि परतीचे तिकीट यांची सरकारदफ्तरी आगाऊ नोंद झालेली, तो कसला अ-तिथी! त्यात भर म्हणजे भरताची समजूत घालताना रामाने दिलेला, महासागरात क्षणभर एकत्र येऊन पुन्हा दुरावणाऱ्या दोन ओंडक्यांचा दृष्टांत तर मराठी माणसाच्या कानांत बालपणापासूनच बसलेला. दुरावणे हाच जर नियम, तर दुरावलेल्या ओंडक्याचा माग काढीत समुद्रापार जाण्यात शहाणपण ते कोणते?

माझा हा मित्र अलिबागच्या इस्राएल आळीतला, म्हणजे बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्या आपत्तीतून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्या समाजाची परंपरा आहे. पुढे हे लोक कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर अशी आडनावे त्यांनी घेतली. आणि 1948 मध्ये इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे ज्याला ते पूर्वजांचा देश म्हणतात तिकडे निघून गेली. तेथे गेल्यावर काय व्हावे? 1962 साली तेथील प्रमुख धर्मपीठाने हुकूम काढला की बेने इस्राएलांचा विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी व्हावी. आणि 1964 मध्ये त्या लोकांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरल्यावर व तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असा निर्वाळा दिल्यावर ते प्रकरण निवळले. ज्या कोकणात ते परके म्हणून आले तेथे त्यांच्याकडे कोणी दाखला मागितला नाही, आणि ज्या देशात स्वकीय म्हणून गेले तेथे मात्र मागितला गेला. आपला कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

मित्राचे बिऱ्हाड बेरशेबाला. दाराच्या चौकटीवर मेझुझाची लहानशी नळी, आत भिंतीवर अलिबागच्या घराचे पिवळे पडलेले छायाचित्र, आणि खिडकीशी खुर्चीत बसलेली त्याची थोरली बहीण, जिला आम्ही आळीतली सारीच मुले ताई म्हणत असू. मी वाकून नमस्कार केला, तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि प्रकृती नाही, प्रवास नाही, पहिला प्रश्न विचारला तो हा: “काय रे, ओहोटीला किल्ल्यात अजून चालत जाता येतं ना?” मी पंचवीस वर्षांत त्या वाटेला गेलो नव्हतो. अलिबागपासून काही तासांच्या अंतरावर राहणाऱ्या मला जे ठाऊक नव्हते, ते जाणण्याची तळमळ समुद्रापलीकडच्या त्या वृद्धेला होती. मी हो-ना करीत उत्तर टाळले. आणि जाणाऱ्याने घर सोडले, राहणाऱ्याने राखले, हा माझा समज त्या क्षणी ढासळला.

जेरुसलेम मी अखेरच्या दिवसासाठी राखून ठेवले होते. सकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली, आणि आत पाहतो तो ताईने मलिद्याची तयारी मांडलेली: मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओले खोबरे, साखर आणि वेलदोड्याची पूड, भोवती केळी, खजूर, सफरचंदे. हा विधी एलियाहू हन्नबीच्या नावाचा. तो संदेष्टा अग्निरथातून सदेह स्वर्गाला गेला आणि जाता जाता अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. मी घड्याळाकडे पाहत म्हटले, “ताई, देवाच्या गावाला जायचं राहून जाईल.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “देव काय पळून जातोय? पोहे भिजवलेत. बस आधी.”

मी बसलो; आणि मित्र हिब्रू प्रार्थना म्हणत असता मला उमगले की ताईचे हे बोलणे निव्वळ आग्रह नव्हता, तिच्या धर्माचा तो सिद्धान्तच होता. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारी बसलेला असता परमेश्वर त्याला दर्शन देतो, आणि तेवढ्यात तीन वाटसरू दिसताच तो म्हातारा त्यांच्याकडे धावत सुटतो. तालमूदमधील आचार्य या कथेवरून निष्कर्ष काढतात की वाटसरूंचे आतिथ्य हे परमेश्वराच्या दर्शनाहूनही श्रेष्ठ, कारण अब्राहामाने पाहुण्यांसाठी देवाला थांबायला सांगितले. याच बेरशेबाला अब्राहामाने एक झाड लावल्याचे त्या पुस्तकात आहे. त्यांच्यातील एका आचार्याच्या मते ते झाड नव्हतेच, ती वाटसरूंची धर्मशाळा होती. आणि आपल्याकडे? पुंडलिकाने आईबापांची सेवा संपेतो दारात आलेल्या देवाकडे वीट फेकली, आणि तो देव अजून तिच्यावर उभा आहे. एकाने देवाला थांबविले अपरिचितांसाठी, दुसऱ्याने रक्ताच्या माणसांसाठी. मित्र हा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो; आणि पंचवीस वर्षांनी भेटणारा मित्र तर दोन्ही असतो, कारण त्याचे बालपण आपल्या ओळखीचे आणि पुढचे सारे आयुष्य आपणांस परके. मनूच्या व्याख्येत त्याला जागा नसेल, तर उणीव व्याख्येची आहे.

ओंडक्यांच्या दृष्टांताचेही तसेच. किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला ते दोन ओंडके वैराग्य शिकवितात, आणि भावाचा शोक शांत करावयाचा तर तो उपदेश योग्यच आहे. परंतु नवगावसमोर फुटलेल्या गलबतातल्या माणसाला ओंडका भेटला तेव्हा त्याने काय केले असेल? त्याने वियोगाचा विचार केला नाही; तो त्याला बिलगला आणि किनाऱ्याला लागला. भेट क्षणिक आहे, हे जाणणे ज्ञान होय. पण क्षणिक आहे म्हणूनच ती चुकवू नये, हे जाणणे धर्म होय. देवाला काळाची मर्यादा नाही, म्हणून तो थांबू शकतो. माणसाची मुदत ठरलेली आहे.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी अलिबागला गेलो आणि ओहोटी पाहून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, चालत कुलाब्याच्या किल्ल्यात जाऊन आलो. त्याच रात्री ताईला पत्र लिहिले की वाट आहे, पाणी पोटरीपर्यंत लागते. जेरुसलेम पाहावयाचे राहिले ते राहिलेच.