वाकडी अक्षरे

खामगावात मास्तरकी धरली त्या आरंभीच्या दिवसांत, अक्षर वाकडे काढतो म्हणून एका मुलाच्या बोटांवर मी पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली नि एवढेच म्हणाली, ‘‘गुरुजी, सातव्या महिन्यातलं लेकरू हाये जी ते.’’

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात सापडला. हाताला तोल नि नेम देणारा लहान मेंदू गर्भात दुसऱ्या महिन्यातच अंकुरतो. पण त्याची खरी वाढ चोविसाव्या ते चाळिसाव्या आठवड्यात होते, सुमारे पाचपट! असंख्य पेशी त्याच्या पृष्ठभागावर जन्मतात नि मग एकेक करून आत उतरतात. जन्मानंतरही वर्षभर हे काम चालूच असते. मूल वेळेआधी जन्मले, तर ही वाढ खुंटू शकते.

त्या मुलाचे तसेच झाले होते का, हे मला कधीच कळले नाही. पण वाचकहो, न कळणे हे मारण्याचे कारण, की हात आवरण्याचे? आमच्या गावचा चांदीचा कारागीर धातू पारखून मगच हातोडी उचलतो. मी तर मूल न पाहताच पट्टी उचलली होती.