स्वभाव की हयगय?

इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीने १९६१ साली ‘ई-टाइप’ ही मोटार जगापुढे आणली. ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे एंजिन आणि त्यास पेट्रोल पुरविणारे तीन कार्बोरेटर! वेग हेच तिचे ब्रीद. काटकसर हे तिच्या घडणीचे उद्दिष्टच नव्हते. आज ही जुनी गाडी बाळगणाऱ्यास पेट्रोलचा खर्च विचारावा, तर तो हसून म्हणतो, “तिचा स्वभावच तो!”

हे उत्तर खरे आहे. पण पुरते खरे आहे काय? कार्बोरेटरमधील सुई व ती ज्यात खालीवर होते ते छिद्र वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झिजते, आणि नकळत अधिक पेट्रोल आत जाऊ लागते. ठिणगी उशिरा पडते. ब्रेक चाकास किंचित चिकटून राहतो. टायरांत हवा कमी असते. यांपैकी एकही गोष्ट स्वभाव नव्हे. ती धन्याची हयगय होय. परंतु स्वभावाचे पांघरूण एवढे प्रशस्त की, त्याखाली हयगयही सुखाने निजते.

उलटपक्षी, सर्व दुरुस्त्या करूनही ही गाडी लहान मोटारीइतक्या पेट्रोलात धावणार नाही. तेवढ्यासाठी तिला दूषण देणे अन्यायाचे. मग उरलेल्या उधळपट्टीचा धनी कोण? यंत्र नव्हे, हे उघड आहे. आणि धुराचा वाटा तर शेजाऱ्यासही मिळतो. महिन्यातून एखाद्या रविवारी हौसेने ती बाहेर काढणाऱ्यास मी कठोर शब्द बोलणार नाही. रोज कचेरीस तीच नेणाऱ्यास मात्र जाब विचारीन. परंतु त्याआधी, कार्बोरेटर शेवटचा केव्हा तपासविला, हे दोघांनाही विचारीन.